तळीरामाला कात्री कुठे लावायची?

धान कापून पुंजणे लागले की आमच्या गावात नाटकाची बैठक बसते. वैनगंगेच्या या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की रात्रभराचं नाटक आलंच. बहुतेक गावं आता वडशाहून नाटक कंपनी बोलावतात. आमचं गाव थोडं हट्टी आहे. वर्षाला एक प्रयोग अजून गावच्याच पोरांचा होतो. यंदा त्यासाठी राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' ठरलं आणि पाच मिनिटांत वादही सुरू झाला.

व्यसनमुक्तीचं काम मनापासून करणारा एक तरुण कार्यकर्ता बैठकीत होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. नाटक दोन तासांत आणा, स्वगतं काढा, कोट्या काढा, पदं दोनच ठेवा. "गुरुजी, हे लंबं लंबं बोलनं कायले ठेवाचं? लोकाइले समजत नाई. दारू वाईट हाये, येवढं समजलं का झालं." बैठकीतल्या बऱ्याच माना हलल्या. मी तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून पुस्तक माझ्या हातात देऊन कात्री लावायचं काम माझ्यावर सोपवण्यात आलं.

त्या पोराचा मला राग आला नाही. राग आला तो त्या 'समजत नाई'चा. खेड्यातल्या माणसाला साधं, सरळ, सपाट द्यावं, अलंकार शहरातल्यांना, हा समज आता खेड्यातलीच शिकलेली पोरं बोलून दाखवतात. शोकांतिकेतले अलंकार म्हणजे नवरीच्या अंगावरचे दागिने, उतरवून ठेवले तरी नवरी तीच, असं त्यांना वाटतं. माझं म्हणणं उलट आहे. 'एकच प्याला'मधून अलंकार उतरवले तर खाली शोकांतिका उरतच नाही. दारूबंदी सप्ताहाची नाटिका उरते.

आधी तो संदेशच घ्या. दारू वाईट, हे सांगायला आमच्या भागात गडकरी लागत नाहीत. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. या बंदीसाठी मोर्च्यात चाललेल्या बाया आमच्या पट्ट्यात गावोगावी आहेत. बंदी असताना मोहाची कुठे मिळते आणि बंदी नसताना देशीच्या दुकानासमोर किती सायकली उभ्या असतात, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. गाडगेबाबांनी कीर्तनात हेच सांगितलं, तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर हेच सांगितलं. पिणाऱ्यालाही ते ठाऊक आहे. तो सकाळी शुद्धीवर असताना आपल्यापेक्षा जास्त पोटतिडकीने सांगतो. मग ठाऊक असूनही माणूस का पितो? या प्रश्नाला संदेश पुरत नाही. तिथे नाटक लागतं, आणि तेही असं, जे सरळ बोलत नाही.

कथा बहुतेकांना माहीत आहे. सुधाकर हा हुशार, मानी वकील. भर कोर्टात अपमान होतो, सनद जाते, आणि त्याचा कारकून तळीराम त्याच्या हातात पेला देतो. एकच. दुःख विसरण्यापुरता. तिथून घर, अब्रू, मूल, बायको असं एकेक जात शेवटी तो स्वतः विष घातलेला प्याला पितो. तोही एकच.

आता हे शीर्षक बघा. दोनच शब्द. पहिल्या अंकात ते शब्द दिलाशाचे आहेत. मधल्या अंकांत तीच पळवाट होते, तीच शपथ मोडण्याची सबब होते. शेवटी त्यांचाच मृत्युदंड होतो. शब्द बदलत नाहीत, त्यांच्याखालची जमीन सरकत जाते. नाटकाला बसलेल्या माणसाला पहिल्या पेल्यापासूनच ठाऊक असतं की हा एकच राहणार नाही. सुधाकरला मात्र ते ठाऊक नसतं. पात्राला जे कळत नाही ते प्रेक्षकाला कळतं, आणि कळूनही हात बांधलेले असतात. नाट्यशास्त्राच्या पुस्तकात याला काहीही नाव असो, ज्या बाईचा नवरा "एवढी एकच" म्हणत रोज घराबाहेर पडतो तिला हे शिकवावं लागत नाही. ती रोज त्याच जागी बसलेली असते. गडकऱ्यांनी फक्त तिची जागा सगळ्या प्रेक्षकांना दिली. आता स्वगतं आणि पुनरुक्ती काढून टाका. 'एकच प्याला' हे शब्द मग नाटकात दोनदा येतील, सुरुवातीला आणि शेवटी. मधली घसरण दिसणारच नाही.

नावांकडे तर कुणी लक्षच देत नाही. वर्गात मी मुलांना फळ्यावर ही नावं लिहायला लावत असे. सुधाकर म्हणजे चंद्र, अमृताची खाण. सिंधू म्हणजे समुद्र. समुद्रमंथनाची गोष्ट आमच्याकडे भागवत सप्ताहात दरवर्षी होते, त्यामुळे मुलं लगेच पुढचं सांगत: गुरुजी, समुद्रातून चंद्र निघाला, अमृत निघालं, विष निघालं. मग मी विचारायचो, आणखी काय निघालं? एखादा हळूच म्हणायचा, दारू. वारुणी! वर्ग हसायचा आणि लगेच गप्प व्हायचा. चंद्र, समुद्र, अमृत, मदिरा, विष हे सगळं एकाच मंथनातलं, आणि सगळं या एका संसारात. सिंधूचा भाऊ पद्माकर, म्हणजे कमळांचं तळं. चंद्र उगवला की कमळ मिटतं, हा जुना कविसंकेत. या दोघांचं नाटकात जमत नाही. आणि तळीराम! त्याच्या नावातच तळ आहे. पेल्याचाही आणि माणूस जातो त्या गर्तेचाही. हे नाव इतकं चपखल बसलं की मराठीत ते सामान्यनाम झालं. 'तळीरामांवर कारवाई' अशी बातमी आजही वर्तमानपत्रात येते. ती वाचणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की हा माणूस एका नाटकातून बाहेर पडून आला आहे?

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तळीरामाचा विनोद, आणि कार्यकर्त्याला तोच आधी कापायचा होता. त्याचं म्हणणं, लोक हसतात आणि दारूचं गांभीर्य जातं. वरवर पटतं. पण तळीराम 'आर्य मदिरा मंडळ' काढतो तेव्हा काय होतं ते प्रयोगाला बसून बघा. पिणाऱ्यांची रीतसर सभा! सुधारकांच्या संस्थांची सगळी ऐट उचलून बाटलीच्या सेवेला लावलेली. आमच्याकडे तर ग्रामसभा, सोसायटीची सभा, मंडईची सभा सगळ्यांनी पाहिलेली, म्हणून हे दृश्य हमखास वाजतं. माणसं पोट धरून हसतात. तळीरामाचा युक्तिवाद ऐकून क्षणभर वाटतं, हा बोलतो ते काही अगदीच खोटं नाही.

तिथेच प्रेक्षकाने पहिला पेला घेतलेला असतो.

त्याच्या कोट्यांची गोडी लागली, त्याच्या बैठकीत आपण बसलो, आणि पुढे सिंधूचं उघडं पडलेलं घर समोर येतं. मघाचं हसू तोंडातच कडू होतं. दारू अशीच येते ना? हसतखेळत, मित्रांच्या सोबतीने, कुणाच्या तरी हुशार बोलण्याच्या बोटाला धरून. खलनायकासारखी मिशा पिळत कधीच येत नाही. सरळ संदेशाच्या नाटिकेत दारुड्या हा पहिल्या मिनिटापासून दुसरा कुणीतरी असतो. प्रेक्षक बांधावर बसून त्याला बुडताना बघतो आणि घरी जातो. गडकऱ्यांचा विनोद प्रेक्षकाला बांधावर बसू देत नाही. म्हणून तळीरामाच्या कोट्या कापणं म्हणजे नाटकाचा गळच काढून घेणं आहे.

या कोटीबाज वळणाचं मूळ आमच्या विदर्भात आहे, हेही जाता जाता सांगतो, कारण 'पुण्या-मुंबईची भाषा' म्हणून तिला नाकं मुरडणारे आमच्यातच आहेत. गडकरी ज्यांना गुरू मानत ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर जन्मले नागपुरात आणि वकिली केली वऱ्हाडात. गडकरी स्वतः नवसारीला जन्मले खरे, पण गेले ते नागपूरजवळच्या सावनेरला, २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. 'एकच प्याला' त्यांच्या मागे गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. पदं करायला नाटककार उरलाच नव्हता, म्हणून बहुतेक पदं वि. सी. गुर्जरांनी केली. सुधाकरचं काम गणपतराव बोडसांनी केलं, सिंधूचं बालगंधर्वांनी. ज्यांच्या शालू-पैठण्या बघायला लोक थिएटरात येत, ते बालगंधर्व ठिगळांचं लुगडं नेसून उभे राहिले. ते लुगडंही अलंकारच होतं की! काल काय होतं आणि आज काय राहिलं, हे एक शब्द न बोलता सांगणारा.

आता भाषेचा मुद्दा, 'लोकाइले समजत नाई' हा.

शेतकरी दिवसभर काय बोलतो ते ऐका. पीक पोटरीवर आलं म्हणतो. पावसाने डोळे वटारले म्हणतो. पोळ्याला बैलांच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे टोले हाणणारी कवनं, सुरू होतात, तेव्हा सावकारापासून सरकारपर्यंत प्रत्येकाला शालजोडीतले बसतात, वर 'हर बोला हर हर महादेव'. ज्याला टोला बसला तोही हसत असतो, कारण नाव कुणी घेतलेलं नसतं. वक्रोक्ती दुसरी काय असते? दंडार आणि खडी गंमत ही इथली लोकनाट्यं बघत आमच्या आधीच्या पिढ्या मोठ्या झाल्या. त्यातला सोंगाड्या श्लेषावर श्लेष करतो, आणि शाळेचं तोंड न पाहिलेला म्हातारा पहिल्यांदा हसतो, शिकलेला पाहुणा मागून. एकनाथांच्या भारुडातला विंचू म्हणजे अंगणातला विंचू नव्हे, हे समजवायला कुणी टीप जोडली नव्हती. या माणसांना रूपक कळत नाही असं म्हणणाऱ्याने एकदा आमच्या चावडीवर बसावं.

खरी अडचण वेगळी आहे, आणि ती मी बैठकीत मान्य केली. गडकऱ्यांचं एकेक वाक्य घोड्यासारखं उधळतं. उपमेवर उपमा, अनुप्रासाच्या लडी, श्वास पुरत नाही. पूर्वीच्या नटांचा गळा आणि दम त्याला पुरा पडत असे. आज मोबाईलवर रील करणाऱ्या पोराला ते वाक्य पाठ होतं, पेलत नाही. मग तो ते भराभरा म्हणून टाकतो आणि प्रेक्षकाला कंटाळा येतो. दोष मात्र लागतो अलंकाराला. नांगर जड म्हणून जमिनीला नावं ठेवण्यातलाच हा प्रकार. तालीम वाढवा. पंधरा दिवसांची महिनाभर करा. झाडीपट्टीतले, म्हणजे आमच्याच या पट्ट्यातले, नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले. त्या पेढ्यामागे किती रात्रींची जाग्रणं होती ते कुणी मोजलं का?

सिंधूच्या ओवीपाशी मी दरवेळी अडतो. 'चंद्र चवथिचा, रामाच्या ग बागेमधि चाफा नवतिचा.' थाट अगदी घरातल्या ओवीचा. हे संस्कृत नाही, जड नाही, आमच्या आजीच्या तोंडचं वाटावं असं आहे. वाचताना एके दिवशी डोक्यात लखकन काही चमकलं. चवथीचा चंद्र म्हणजे कोवळी कोर. लाडक्या बाळाला शोभणारी उपमा. पण आमच्याकडे गणेशचतुर्थीचा चंद्र बघत नाहीत. बघितला की खोटा आळ येतो, चोरीचा. बाया त्या रात्री मान खाली घालून अंगण ओलांडतात. आणि सुधाकर म्हणजे चंद्र. म्हणजे आई लाडाने जे गाते त्यात बाळाचं कोवळेपण आहे, बापाचं नाव आहे, आणि न बघायचा अपशकुनही आहे. हे बाळ पौर्णिमेपर्यंत जाणार नाही. लिहिणाऱ्याच्या मनात हे सगळं होतं का, मी सांगू शकत नाही आणि मला त्याची गरजही वाटत नाही. ओवीत ते आहे. ऐकणाऱ्या बाईच्या मनात ते आपसूक हलतं, म्हणून तिला इथे रडू येतं. 'पदं दोनच ठेवा' म्हणणाऱ्याने या ओवीचं काय करायचं ते सांगावं.

आळ हा शब्द आला म्हणून शेवटाकडे वळतो. सुधाकरच्या हातून मूल जातं, सिंधू मरणाच्या दारात असते. जबानी घ्यायला माणूस येतो, आणि ती सांगते की मी आपली आपण पडले. आयुष्यभर खरं बोललेली बाई मरताना खोटं बोलते. जगाच्या रीतीप्रमाणे खोटा आळ निरपराध्यावर येतो. इथे ती खरा आळ पुसण्यासाठी खोटं बोलते. या खोट्याने सुधाकर कायद्यातून सुटतो आणि त्याच क्षणी स्वतःच्या नजरेत फासावर जातो. ज्याने कोर्टात युक्तिवाद करून नाव कमावलं त्याच्या बाजूने शेवटची साक्ष अशी व्हावी! साध्या नाटिकेत पोलीस त्याला बेड्या घालून नेतील आणि पडदा पडेल. लोक टाळ्याही वाजवतील.

इथे एका शिक्षिकेने बैठकीत आक्षेप घेतला, तो मला सगळ्यात वजनदार वाटला. त्यांचं म्हणणं असं की सिंधूचं हे खोटं गौरवायचं कशाला? मार खाऊन नवऱ्याला वाचवणाऱ्या बायका आपल्या दवाखान्यात रोज 'पायरीवरून पडले' म्हणून येतात. आपण त्यांना स्टेजवरून हेच शिकवायचं का? खरं आहे. 'कशि या त्यजू पदाला' हे पद मला चालीसाठी आवडतं, त्यातल्या पायांसाठी नाही. गडकऱ्यांनी सिंधूला इतकी उजळ केली आहे की डोळे दिपतात, आणि दिपलेल्या डोळ्यांना तिचे वळ दिसत नाहीत. अतिशयोक्तीचा हा तोटा मी नाकारत नाही. पण याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. ती फटकळ आहे, नवऱ्याला सुनावते. दोघी शेजारी ठेवून नाटककाराने विरोध उभा केला आहे. गंमत अशी की नाटक छोटं करताना आधी गीताच कापली जाते, 'दुय्यम पात्र' म्हणून. मग उरते एकटी सिंधू, आणि आदर्श म्हणून तीच गळ्यात पडते. शिक्षिकाबाईंना मी म्हटलं, तुमच्या आक्षेपावर औषध कात्री नाही. गीताला पूर्ण बोलू द्या. त्या म्हणाल्या, मग गीताचं काम मी करते. बैठकीत पहिल्यांदा सगळे एकमताने हसले.

मी काहीच कापू नका असं म्हणणारा सोवळा माणूस नाही. सुधाकरचा मित्र रामलाल आणि बहीण शरद यांचं उपकथानक मला कधीच फारसं पटलेलं नाही. ते लांबतं, आणि सुधाकरच्या घरातली धग तिथे निवते. ते छाटलं तर मी अडवणार नाही. तळीरामाच्या तोंडी आमची इथली झाडीबोली घालावी, ही पोरांची सूचनाही मला आवडली. काही श्लेष त्यात मरतील, पण चार नवे जन्मतील. सोंगाड्याच्या परंपरेत ते बसतं. सुधाकरला मात्र झाडीबोलीत आणू नका. तो कोर्टाच्या भाषेत, तोलूनमापून बोलतो आणि दारू त्या भाषेचेच तुकडे करत जाते. बोलीत आणलं की ती मोडतोड ऐकू येणार नाही.

मागे एकदा, मी तरुण असताना, शेजारच्या गावात हे नाटक पाहिलं होतं. थंडी मरणाची, अंगाखाली तणीस, पहाटेचे चार वाजलेले. सिंधू जबानी देत होती. डावीकडे बायांच्या घोळक्यातून एक म्हातारी अचानक उठून उभी राहिली आणि स्टेजकडे हात करून ओरडली, "खोटं बोलून रायली वं ते! त्यानंच मारलं तिले!" कुणी हसलं नाही. स्टेजवरच्या जबानी घेणाऱ्याची लेखणी थांबली. सिंधू झालेला पोरगा घटकाभर तसाच पडून राहिला, मग त्याने आपलं वाक्य पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा हळू.

तालमी सोमवारपासून आहेत. कार्यकर्ता पोरगा दोनदा येऊन विचारून गेला, गुरुजी, झालं का कापून? रामलालच्या प्रवेशांवर मी पेन्सिलीने रेघा मारून ठेवल्या आहेत. मदिरा मंडळाच्या पानाशी आलो की मलाच हसू येतं आणि पेन्सिल खाली ठेवतो. आज त्याला पुस्तक दिलं आणि म्हटलं, बाबू, आता तूच वाच, मोठ्याने. तळीराम तुलाच करायचा आहे.